मंगळवारी बंद पडणारी गाडी

मैत्रिणींनो, शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवणारी, उरलेला वेळ घरात घालवणारी बाई मोटारीच्या इंजिनावर लिहायला बसली म्हटल्यावर तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण तुमच्या दारातही एखादी जुनी व्हॅन उभी असेल, ती अधूनमधून भर रस्त्यात बंद पडत असेल, आणि गॅरेजात नेली की मात्र शहाण्या मुलीसारखी सुरळीत चालत असेल, तर हसून झाल्यावर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

आमची मारुती व्हॅन १९९८ सालची. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली. ही व्हॅन बाजारात आली १९८४ मध्ये. पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बनवणं थांबलं. आमच्या गाडीच्या कागदपत्रांची पंधरा वर्षं २०१३ मध्ये संपली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी तपासणी करून, वरचा कर भरून आम्ही ती रस्त्यावर ठेवली आहे. "एवढा खर्च या डब्यावर?" असं शेजारी विचारतात. पण या डब्याचं दार बाजूला सरकतं, पायरी बुटकी आहे, आणि गुडघे धरलेल्या माणसाला आत बसवताना त्याची किंमत कळते.

२०२३ पासून माझ्या सासूबाईंना डायलिसिस सुरू झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाईहून साताऱ्याला, सुमारे पस्तीस किलोमीटर. आमचे हे सकाळी साडेसहालाच शिरवळला कामावर जातात, म्हणून ही जबाबदारी माझी. मी लग्नाआधी स्कूटरसुद्धा चालवली नव्हती. व्हॅन शिकले ती सासऱ्यांच्या हाताखाली, आणि आता बारा वर्षं चालवते आहे. हे मुद्दाम सांगते, का ते पुढे कळेल.

त्या वर्षीची दिवाळी झाली आणि पुढच्याच मंगळवारी, २१ नोव्हेंबरला, आनेवाडीचा टोलनाका ओलांडल्यावर गाडीने एकदम दम खाल्ल्यासारखं केलं. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढेना. दोन-चार झटके दिले आणि बंद. मागून ट्रक येत होते. कशीबशी डाव्या कडेला घेतली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन धरेना. सासूबाई शांत होत्या, पण हातातली पिशवी त्यांनी घट्ट आवळून धरली होती. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर पहिल्या झटक्याला चालू! दवाखान्यात पोचायला तासभर उशीर झाला. तिथे मशीनच्या पाळ्या लावलेल्या असतात. आपल्यामागे दुसरा पेशंट ताटकळत असतो. त्या दिवशी सासूबाईंचं डायलिसिस चार तासांऐवजी तीन तासांचंच झालं. रात्रभर त्यांना धाप लागत होती. ती रात्र मी विसरणार नाही.

पुढच्या मंगळवारी तेच, जवळजवळ त्याच जागी. शुक्रवारी मात्र काही नाही. रविवारी भाऊजी, म्हणजे माझे दीर, गाडी घेऊन सातारा गाठून आले. एकदाही बंद नाही पडली. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, गाडीला काही झालेलं नाही. क्लचवर पाय ठेवून चालवत असाल तुम्ही." आमचे हे काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझी बाजूही घेतली नाही. मैत्रिणींनो, बारा वर्षांत एक ओरखडा न पाडता गाडी चालवणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. आमचे मेस्त्री मनाने चांगले आहेत, हात स्वच्छ आहे. पण दारात चालू स्थितीत आलेल्या गाडीचा रोग ते तरी कसा ओळखणार? त्यांनी आधी प्लग बदलले. मग पेट्रोलचा फिल्टर. मग कार्बोरेटर उघडून साफ केला. मग कॉइल नवीन टाकली. "गरम झाली की करंट सोडत असेल" म्हणाले. शेवटी म्हणाले, "ताई, पेट्रोलच बदललंय हो हल्ली." त्यात तथ्य नाही असं नाही. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. पण शुक्रवारी आणि रविवारी टाकीत पेट्रोल तेच तर होतं! डिसेंबर निम्मा सरेपर्यंत साडेचार हजार रुपये गेले, आणि मंगळवारची गाडी मंगळवारीच बंद पडत राहिली. सासूबाईंनी देवीला नारळ बोलला. मी त्यांना अडवलं नाही. त्यांच्या जिवाला त्याने बरं वाटत होतं.

एके दिवशी मुलीच्या तापाचा जुना कागद कपाटात सापडला. बालरोगतज्ज्ञांनी मला लिहायला लावला होता: किती वाजता ताप, किती डिग्री, आधी काय खाल्लं, औषधानंतर किती वेळाने उतरला. मला वाटलं, मुलाला घेऊन आपण डॉक्टरांकडे जातो तेव्हा नुसतं "बरं नाही" म्हणत नाही. मग गाडीलाच "बंद पडते" एवढं एकच वाक्य का? मी शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली आणि रकाने आखले. वार, वेळ, किती किलोमीटर चालल्यावर बंद पडली, ऊन की थंडी, चढ की सपाटी, बंद पडताना आवाज कसा, दिवे लागतात का, किती वेळाने चालू झाली. शेवटी, जागा उरली म्हणून, टाकीत पेट्रोल किती.

वहीत मला काय सापडलं ते सांगते, पण त्याआधी या बंद पडण्याच्या जाती सांगायला हव्यात. वही लिहिता लिहिता मेस्त्रींना विचारून विचारून मी त्या शिकले.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी कशी बंद पडते ते नीट ऐका. दिव्याचं बटण बंद करावं तशी एका क्षणात गप्प झाली, झटका नाही की खोकला नाही, तर बहुतेक वेळा दोष विजेकडचा. बंद पडल्यावर किल्ली चालूच्या जागी ठेवून समोरचे लाल दिवे बघा, हॉर्न वाजवा. काहीच लागत नसेल तर बॅटरीची टोकं सैल आहेत का, त्यांवर पांढरा-हिरवा खार साचला आहे का, हे पाहायचं. नाही तर मुख्य फ्यूज किंवा किल्लीचा स्विच. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही, तर ठिणगी प्लगपर्यंत पोचत नसेल. तिथे कॉइल, डिस्ट्रीब्यूटर आणि त्यांच्या वायरी येतात. कॉइलला खोड असते की ती तापली की रुसते आणि गार झाली की काम करते. पावसाळ्यात सकाळीच त्रास होत असेल, तर प्लगच्या जाड वायरी आणि डिस्ट्रीब्यूटरची टोपी दमट झाली असण्याचा संभव मोठा. इंजिन बंद असताना कोरड्या फडक्याने पुसूनही कधी कधी काम होतं.

याउलट गाडी आधी अडखळली, ओढ कमी झाली, झटके दिले आणि मग गेली, तर तिला पेट्रोल पुरत नाही असं धरून चाला. फिल्टरमध्ये कचरा असेल, पंपाचा आतला पडदा फाटला असेल, नळीला चीर जाऊन पंप पेट्रोलऐवजी हवा ओढत असेल. किंवा उन्हाळ्यात होतं तसं इंजिनाजवळच्या नळीतच पेट्रोलची वाफ होत असेल. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं, त्यामुळे उन्हात, रहदारीत रखडली की हे होऊ शकतं. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी चालू झाली, तर निदान झालंच म्हणा. फडकं पिळून घ्या मात्र. वायरींवर पाणी नको.

तिसरी जात सगळ्यांत सामान्य. चालताना काही नाही, पण गतिरोधकावर, चौकात, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की गाडी विझते. ते बहुधा 'स्लो' बिघडल्याचं लक्षण. कार्बोरेटरमधलं त्याचं बारीक छिद्र बुजलं असेल, किंवा एखादी रबरी नळी निघून तिथून जादा हवा आत जात असेल. यात गाडीच्या जिवाला धोका कमी, पण चढावर मागे ट्रक असताना आपल्या जिवाला आहे, म्हणून टाळाटाळ करू नये.

ज्यांच्या व्हॅन नंतरच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या आहेत, त्यांनी समोरचा इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो का ते पाहावं, आणि किल्ली लावताच टाकीतला विजेचा पंप दोन क्षण गुणगुणतो का ते ऐकावं. गुणगुण ऐकू आली नाही तर तेच मेस्त्रींना सांगावं. बाकीचं त्यांच्या यंत्रावर कळतं. गॅसवर चालणारी असेल तर ती फक्त गॅसवर बंद पडते की पेट्रोलवरही, एवढं आधी बघा. गॅसच्या जोडणीला घरच्या कुणी हात लावू नये.

आता माझी वही.

आवाज झटक्यांचा, दिवे लागतात, स्टार्टर फिरतो. म्हणजे पेट्रोल. कॉइलचे पैसे वाया गेले हे पहिल्याच पानावर कळलं. पण बंद पडायची ती सकाळी आठच्या थंडीत; दुपारी एकच्या उन्हात परत येताना एकदाही नाही! म्हणजे वाफेचीही गोष्ट नाही. कचरा म्हणावा तर तो वार बघून येतो का?

डिसेंबरचे चारही मंगळवार वहीत 'बंद' असे लिहिले गेले. मग आला २ जानेवारी २०२४. आठवत असेल तुम्हाला, नव्या कायद्याविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला आणि पंपांवर ही झुंबड उडाली होती. १ तारखेला सोमवार. रांग पाहून मी पेट्रोल न भरताच परत आले, आणि २ तारखेला टाकीत होतं तेवढ्यावर देवाचं नाव घेऊन निघाले. मंगळवार असूनही गाडी बंद पडली नाही. सासूबाई म्हणाल्या, "नारळ पावला." गुरुवारी गर्दी ओसरल्यावर मी टाकी भरून घेतली. शुक्रवारी, ५ तारखेला, लिंब फाट्याच्या अलीकडे गाडी बंद! आजवर कधी शुक्रवारी पडली नव्हती. ९ तारखेच्या मंगळवारी पुन्हा बंद. आदल्या दिवशी टाकी भरली होती.

त्या रात्री मी वहीतला तो शेवटचा, जागा उरली म्हणून आखलेला रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. जिथे 'बंद', तिथे 'टाकी फुल्ल'. एकही अपवाद नाही. सासूबाईंना घेऊन जायचं, वाटेत पेट्रोल संपायला नको, म्हणून मी दर सोमवारी टाकी गळ्यापर्यंत भरायची. भाऊजी रविवारी घेऊन जायचे ती आठवडाभर चाललेली, रिकामी होत आलेली गाडी. त्यात पाचशेचं टाकायचे आणि निघायचे. म्हणजे काळजी जास्त घेणारीचीच गाडी बंद पडत होती!

कळलं एवढंच. का, ते कळेना. पेट्रोल जास्त असताना गाडीला पेट्रोल कमी कसं पडेल? हे मेस्त्रींना सांगितलं असतं तर त्यांनी वहिनीबाईंना चहा पाजून घरी पाठवलं असतं.

भोगीच्या दिवशी तेलाचा नवा पंधरा किलोचा डबा फोडला. मुलगी मदतीला होती. तिने कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि डबा कलता केला. तेल दोन वेळा भळभळलं आणि थांबलं, मग नुसतं थेंब थेंब. मी सवयीने ओरडले, "अगं, दुसऱ्या कोपऱ्याला एक भोक पाड, हवा नको का जायला?" आणि तशीच थबकले.

पेट्रोलची टाकी म्हणजे डबाच. पंप त्यातून पेट्रोल ओढतो, तेवढी जागा भरायला हवा आत यायला लागते. त्यासाठी वाट ठेवलेली असते. काही गाड्यांत झाकणातच बारीक झडप असते, काहींत वेगळी नळी. ती वाट बुजली की आत ओढ बसते आणि पंपाला पेट्रोल खेचवेना. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरची पुष्कळ हवा पसरून वेळ मारून नेते. टाकी काठोकाठ असेल तर वर हवा असतेच कितीशी? वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये दोन लिटर पेट्रोल गेलं की दम कोंडला. थांबून राहिलं की झाकणाच्या रबरातून हळूहळू हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालू. परतीच्या वाटेवर टाकी थोडी खाली झालेली, म्हणून त्रास नाही. सगळे रकाने जुळले.

आणि झाकण? भाऊबीजेला माहेरी जाताना पंपावर आमचं मूळ झाकण राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी एका दुकानातून स्वस्तातलं घेतलं. "बसतंय ना घट्ट? मग झालं," असं दुकानदार म्हणाला, आणि मीही तेच म्हटलं. त्यानंतर पाचच दिवसांनी २१ नोव्हेंबर उजाडला होता.

तरी नुसत्या तर्कावर विसंबायचं नाही, हे इतिहास शिकवणारीला सांगावं लागत नाही. १६ जानेवारीला मंगळवार. सोमवारी मुद्दाम टाकी भरली. यांना सांगितलं, "आज रजा काढा आणि बाजूला बसा." बरोबर भाऊजींची मोटरसायकल मागे ठेवली, कारण सासूबाईंच्या वेळेशी खेळ करायचा नव्हता, त्यांना त्या दिवशी रिक्षाने पुढे पाठवलं होतं. टोलनाक्यापुढे गाडीने झटके द्यायला सुरुवात केली. कडेला घेतली, बंद पडू दिली, किल्ली काढली आणि झाकण फिरवलं. फुस्स असा लांब आवाज आला, हवा आत गेल्याचा. झाकण लावलं, स्टार्टर मारला. वीस मिनिटं नाही, वीस सेकंदांत गाडी चालू. भाऊजी मागे उभे होते. म्हणाले, "परत करून दाखवा, वहिनी." शुक्रवारी पुन्हा टाकी भरून निघालो, पण पाचवडला थांबून झाकण एकदा उघडून लावलं. सातारा येईपर्यंत एक झटका नाही.

शनिवारी मेस्त्रींनी झडपेचं झाकण मागवून दिलं. प्लग, कॉइल, फिल्टर यांच्यापुढे त्याचे पैसे अगदीच किरकोळ. तेव्हापासून आजतागायत गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही.

तुम्ही ही परीक्षा करणार असाल तर इंजिन बंद करूनच झाकण उघडा. जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत नसावं, आणि तोंड झाकणावर नेऊ नका; उन्हात कधी हवा आत जायच्या ऐवजी पेट्रोलची वाफ बाहेर येते. झाकण उघडं किंवा सैल ठेवून गाडी चालवायची नाही, किती जरी सोयीचं वाटलं तरी. आणि गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर परीक्षाबिरीक्षा काही नको. उतरा आणि मेस्त्रींना बोलवा.

चालत्या गाडीत इंजिन गेलं तर काय करायचं, हेही आपसात बोलून ठेवलेलं बरं. गाडीला वेग आहे तोवरच डावीकडे घ्या. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन बंद झाल्यावर ब्रेक जड लागतो. घाबरू नका, जोर लावून दाबा, पण पुन्हा पुन्हा सोडून दाबू नका. घाटात उतरताना इंजिन बंद करून, गिअर काढून गाडी सोडायची सवय कुणाला असेल तर ती आजच मोडा. थांबल्यावर हँडब्रेक, गिअर, आणि चढ असेल तर चाकामागे दगड. असा एक दगड आमच्या मागच्या सीटखाली कायम असतो, पाटा-वरवंट्यातला वरवंटा म्हणून सासूबाई चेष्टा करतात. मुलं आणि म्हातारी माणसं रस्त्याच्या बाजूने नाही, आतल्या बाजूच्या दाराने उतरवायची आणि गाडीपासून लांब उभी करायची. लाल त्रिकोण गाडीच्या पाठीला टेकवून ठेवायचा नसतो. बराच मागे, येणाऱ्याला वेळेवर दिसेल असा ठेवायचा.

वही अजून चालू आहे. पेट्रोल कधी भरलं, हवा कधी बघितली, ऑइल कधी बदललं, असं सगळं तीत जातं. मागच्या महिन्यात मेस्त्रींकडे गेले तेव्हा एक गृहस्थ जुनी व्हॅन घेऊन आले होते. "अधूनमधून बंद पडते" एवढंच सांगत होते. मेस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. हात पुसत पुसत विचारलं, "टाकी भरलेली असताना पडते, का कमी असताना?" गृहस्थ गोंधळले. मेस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "या ताईंकडून एक वही मागून घ्या."